सीटचा बयाणा

मे महिन्यातला दुसरा रविवार. दुपारची जेवणं झाल्यावर सावरगावला माझ्या मोठ्या साळ्याच्या घरी एकावन्न हजार रुपये रोख दिले गेले. देणारा साळा. घेणारा नागपूरहून आलेला एक गृहस्थ, ज्याला सगळे सर म्हणत होते. हजर माणसं: मी, माझी बायको, आमची मुलगी, साळा आणि त्याची बायको. पैसे कशाचे, तर नागपूरबाहेरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या जागेचा बयाणा. मुलगी माझी, जागा तिच्यासाठी, आणि मला ही गोष्ट नोटा टेबलावर आल्यावर कळली.

मी पावती मागितली. सर हसले.

"काका, पावती कॉलेज देतं, ॲडमिशनच्या दिवशी. हा तर आपसातला विश्वास आहे."

साळाही हसला. "जवाईबापू, बगीच्याच्या बयाण्याची पावती पाहिली का तुमी कधी?"

नव्हती पाहिली. साळा संत्र्याचा व्यापारी आहे. झाडावरच्या संत्र्याचा सौदा तो बगीच्यात एक चक्कर मारून करतो. तोंडी भाव ठरतो, तोंडीच हो होतं, आणि जागेवर बयाणा दिला जातो. त्यानंतर मालक दुसऱ्या व्यापाऱ्याला कुंपणाच्या आत पाय ठेवू देत नाही. व्यापाऱ्याने सौदा मोडला तर बयाणा बुडाला, त्याबद्दल पुन्हा बोलायचं नाही. आमच्याकडे लाखांचे व्यवहार असे होतात आणि बहुतेक नीट पार पडतात. साळ्याने भाचीसाठी कॉलेजचा बगीचा धरला होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मी त्याच्यावर पुष्कळ चिडलो.

मी सौसरला राहतो आणि बोरगावजवळच्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. गाडीच्या वर पांढराशुभ्र, फुललेला कापूस असतो. त्याच्याकडे कोणी पाहत नाही. आमचा माणूस कोपरापर्यंत हात खुपसून तळचा कापूस ओढून काढतो, मुठीत दाबून ओल पाहतो, आणि भाव त्यावर ठरतो. गाडी रामाकोन्याच्या शेतकऱ्याची असो की पांढुर्ण्याच्या व्यापाऱ्याची, कोणाला राग येत नाही. वरचा थर दाखवायला असतो हे सगळ्यांनाच माहीत असतं. इतकी वर्षं हे पाहिल्यामुळे असेल, पण मुलीचं कॉलेज निवडायची वेळ आली तेव्हा मला जे दिसलं त्याची शिसारी आली. तिथे सगळा व्यवहार वरच्या थरावर चालला होता.

मुलीने बारावीबरोबर इंजिनिअरिंगची परीक्षा दिली होती. तिची रँक इथे लिहीत नाही, ती तिची आहे. उत्तम नव्हती आणि वाया गेलेलीही नव्हती. मधली होती. मधल्या रँकवाल्या घरातच हे सर लोक येतात. वरच्यांना त्यांची गरज नसते आणि खालच्यांसाठी त्यांना कष्ट पडत नाहीत.

तिला इलेक्ट्रिकल हवं होतं. लहान असताना ती सुटीच्या दिवशी माझ्याबरोबर जिनिंगमध्ये यायची. व्होल्टेज पडलं की तिथली एखादी मोटर जळायची, आणि ती उघडल्यावर तांब्याच्या तारांचा जो काळा गोळा निघायचा तो तिने हातात घेऊन पाहिला होता. मोटर का जळली हे तिला नीट सांगणारं कोणी भेटलं नाही. तिला ते शिकायचं होतं. त्या रविवारी जेवताना तिने सरांना तसं सांगितलंही.

"इलेक्ट्रिकल?" सर म्हणाले. "बेटा, खांबावर चढायचं आहे का?"

"चढायला लाइनमन असतो ना सर," मुलगी म्हणाली. "त्या तारेत किती सोडायचं, ते कोणी ठरवत असेल की नाही?"

"पाहा, पाहा, मामाच्या घरी जीभ चालून राहिली," साळा म्हणाला. पण तो खूश झाला होता. त्याने सरांच्या वाटीत आणखी आमरस वाढायला सांगितलं.

सरांनी आमरस संपवला, बोटं पुसायला रुमाल शोधला, सापडला नाही, तेव्हा आपल्याच जाड चकचकीत पुस्तिकेच्या मागच्या पानाला पुसली. त्या पानावर पदवीची टोपी घातलेली मुलं हवेत उडी मारत होती. आंब्याचा पिवळा डाग एका मुलाच्या तोंडावर बसला. पुस्तिका मग त्यांनी माझ्या हातात दिली. ती अजून घरात आहे आणि अजून तिला वास येतो.

पुस्तिकेबरोबर एक तक्ता होता, खास आमच्यासाठी केलेला. त्यात तीन कॉलेजांची तुलना होती. नागपूरचं केंद्र सरकारचं कॉलेज, पुढे शेरा: कठीण. भोपाळचं तसंच कॉलेज, शेरा: नाही. आणि सरांचं खासगी कॉलेज, शेरा: निश्चित. फी वर्षाला दोन लाख दहा हजार, होस्टेल वेगळं. खाली जाड अक्षरात सर्वांत मोठं पॅकेज लिहिलं होतं. तो आकडा मी इथे लिहिणार नाही, कारण तो एकाच मुलाचा होता आणि माझा त्या मुलाशी काही संबंध नाही.

पॅकेज या शब्दाचाच मला वीट आला आहे. सौसरला लग्नाच्या पंगतीत बसा, पांढुर्ण्याच्या गाडीत उभे राहा, कुठेही, कोणाच्या तरी पोराचं पॅकेज कानावर पडतं. पोरगा काय शिकला हे सांगणारा मला अजून भेटला नाही. बापाला ते माहीतच नसतं. चार वर्षं पैसे भरले आणि शेवटी इतकं निघालं, एवढंच त्याला सांगता येतं.

मी साळ्याला म्हटलं, कॉलेज पाहिल्याशिवाय पुढचा रुपया देणार नाही.

"पाहा ना बावा," तो म्हणाला. "बगीचा पाहायले कोण नाई म्हणते? पण धरलेला आहे, हे ध्यानात ठेवजा."

जूनच्या सुरुवातीला मी आणि मुलगी सावनेरमार्गे नागपूरला गेलो. कॉलेजच्या दारात काचेची मोठी इमारत होती आणि आत थंडगार हवा. गळ्यात पट्टे घातलेल्या दोन मुलींनी आम्हाला थंड पाणी दिलं आणि एका खोलीत नेलं. नोकऱ्या मिळवून देणारे अधिकारी तिथे बसले होते. मी घरून चार प्रश्न काढून नेले होते. किती मुलं घेतली आणि त्यांतली किती चार वर्षांत सुटली? पाच वर्षांहून जास्त टिकलेले शिक्षक किती? प्रयोगशाळा दिवसातून किती तास उघडी असते? आणि नोकरी लागलेल्या सगळ्या मुलांना पगाराप्रमाणे एका रांगेत उभं केलं, तर बरोबर मधल्या मुलाचा पगार किती?

अधिकाऱ्यांनी चारही प्रश्न ऐकले आणि सर्वांत मोठ्या पॅकेजची माहिती दिली.

"ते पुस्तिकेत आहे," मी म्हटलं. "मधल्याचं सांगा."

"काका, मधला कोणी दाखवतं का?"

"माझी मुलगी मधलीच आहे. म्हणून विचारतो."

ते मुलीकडे पाहून हसले, जणू मी तिचा अपमान केला आणि ते तिच्या बाजूने होते. मुलगी हसली नाही. तिने विचारलं, "पास झालेल्यांपैकी इतक्यांना नोकरी, असं लिहिलं आहे. त्यात सगळे पास झालेले मोजले का?"

"पात्र विद्यार्थी मोजले आहेत."

"पात्र म्हणजे?"

पात्र म्हणजे एकही विषय राहिलेला नसलेले, ठरलेल्या टक्क्यांच्या वरचे, आणि ज्यांनी आपल्याला नोकरी हवी असं लिहून दिलं ते. बाकीचे हिशेबातून आधीच काढलेले. शिवाय एका मुलाला तीन कंपन्यांनी बोलावलं तर तिन्ही मोजायच्या. हे त्यांनी न लाजता सांगितलं. सगळे असंच करतात, असंही सांगितलं. आमच्या जिनिंगमध्ये कोणी ओला कापूस बाजूला काढून उरलेल्या कापसाचा उतारा सांगितला तर त्याला दुसऱ्या दिवशी कामावर येऊ देणार नाहीत. इथे तो माणूस टाय लावून बसला होता.

नंतर प्रयोगशाळा. कॉम्प्युटरची मोठी होती आणि निम्म्या पडद्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. इलेक्ट्रिकलची आम्ही हट्टाने पाहिली. कोणी पाहायला मागत नसावं, कारण चावी शोधावी लागली. आत मोटरी होत्या, रंग चांगला होता. मुलीने एकीला हात लावला आणि बोटावर आलेली धूळ मला दाखवली.

"ही चालते का?" तिने सोबतच्या शिक्षकांना विचारलं.

"चालते ना. भार लावत नाही आम्ही, उगाच बिघडते."

बसमध्ये तिने ते बोट ओढणीला पुसलं. मग म्हणाली, "बाबा, भार न लावता मोटर काय शिकवेल?"

घरी आल्यावर मी तक्ता पुन्हा काढला. खासगी कॉलेज माझ्यापुरतं संपलं होतं, पण तक्त्याप्रमाणे दुसरं काही उरत नव्हतं. नागपूर कठीण आणि भोपाळ नाही. मुलगी दोन दिवस प्रवेशाच्या सरकारी संकेतस्थळावर आकडे पाहत बसली होती. तिसऱ्या दिवशी जेवताना तिने मला विचारलं, "बाबा, आपलं राज्य कोणतं?"

"कायले?" माझी बायको म्हणाली. "परीक्षेत आलं का हे?"

"सांगा ना. आपलं राज्य कोणतं?"

मध्य प्रदेश, मी म्हटलं. आणि म्हणतानाच मला चूक दिसली.

या केंद्राच्या कॉलेजांत निम्म्या जागा त्याच राज्यातल्या मुलांसाठी असतात आणि निम्म्या बाहेरच्यांसाठी, आणि दोन्हीकडे प्रवेश वेगवेगळ्या रँकवर थांबतो, बहुधा घरच्यांचा जास्त खाली. भोपाळच्या इलेक्ट्रिकलला आमची मुलगी घरची होती. तिच्या रँकवर तिथे, मुलींच्या जागांत, चांगली आशा होती. सरांनी तक्त्यात बाहेरच्यांचा आकडा घेतला होता आणि पुढे 'नाही' लिहिलं होतं. नागपूरला, जिथे आम्ही खरे बाहेरचे, तिथे घरच्यांचा आकडा घेऊन 'कठीण' लिहिलं होतं, म्हणजे आशा थोडी लटकती राहावी.

हा तक्ता तीन आठवडे माझ्यासमोर होता. मी त्यातली फीची बेरीज दोनदा तपासली होती. पण भोपाळपुढचं 'नाही' मला खटकलं नाही, साळ्याला खटकलं नाही, माझ्या बायकोलाही नाही. का खटकेल? दवाखाना नागपूरला, लग्नाची खरेदी नागपूरला, संत्री नागपूरला, सगळे सोयरे काटोल-सावनेरकडचे. मूळ निवासीचा दाखला हिंदीत मिळतो आणि तो पेटीत ठेवला की राज्य विसरायला होतं. नागपूरला आम्हाला एमपीवाले म्हणतात आणि भोपाळला मराठी म्हणतात, आणि आम्ही मनातून नागपूरचेच. सरांना हे बरोबर माहीत होतं. पांढुर्णा-सौसरची किती घरं त्यांनी अशी केली असतील, देव जाणे. एकाही घरात कोणी म्हटलं नसेल की भोपाळ आमचं आहे.

मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "टायपिंगची चूक असेल काका. पण भोपाळला कोण आहे तुमचं?"

हेच वाक्य दुसऱ्या दिवशी साळ्याने म्हटलं, शब्दाला शब्द. त्याच्या तोंडी ते खरं होतं, म्हणून मला जास्त लागलं.

"पोरगी आजारी पडली तं कोण पाहीन? नागपूरले तिची मावशी आहे, माझा आडत्या आहे. भोपाळले कोण आहे?"

"मोटर आहे, मामा," मुलगी म्हणाली. "मी तिथल्या एका दीदीशी बोलली. तिथे भार लावतात. जळली तर शिव्या पडतात, पण लावतात."

"अन् मेस?"

"मेस खराब आहे म्हणाली. शिक्षकही कमी आहेत. काही तात्पुरते आहेत."

"पाहा," साळा माझ्याकडे वळला. "पोरगीच सांगून राहिली."

"हेच तर," मी म्हटलं. "तिथली मुलगी वाईट तेही सांगते. तुझ्या सरांनी एक तरी वाईट गोष्ट सांगितली का?"

साळा म्हणाला, "तुमी जिनिंगवाले. तुमाले बगीच्यातही ओलच दिसते."

"आणि तुम्ही सावरगाववाले. पोळ्याला नदीपलीकडच्या पांढुर्ण्यावर दगड मारल्याशिवाय सण होत नाही तुमचा."

यावर साळ्याची बायको, आमची वहिनी, हसली आणि चहा आला. आमच्यात भांडणं बहुधा तिथेच थांबतात. या वेळी ते थांबलं नाही, पुढे ढकललं गेलं.

मुलीने प्रवेशाच्या पसंतीयादीत भोपाळ इलेक्ट्रिकल पहिलं टाकलं, जबलपूरचं सरकारी कॉलेज मनात मागे ठेवलं, आणि खासगी कॉलेज कुठेच टाकलं नाही. पहिल्या फेरीत काही मिळालं नाही. त्या आठवड्यात सरांचे फोन वाढले. जागा भरत आल्या काका, पहिला हप्ता टाका, नाहीतर मी धरून ठेवू शकणार नाही. माझी बायको डगमगली. मीही डगमगलो. मुलगी जेवत नव्हती, पण शब्द बदलत नव्हती. दुसऱ्या फेरीत तिला भोपाळ इलेक्ट्रिकल मिळालं. ती उठून मागच्या अंगणात गेली आणि बराच वेळ आत आली नाही. तिची आई तिच्यामागे गेली. मी जागा पक्की करण्याची रक्कम भरली आणि पावती छापून घेतली.

मग सावरगावला गेलो आणि साळ्याच्या समोरून सरांना फोन लावला, आवाज मोठा ठेवून. प्रवेश घेत नाही, एकावन्न हजार परत करा, असं सांगितलं.

"काका," सर शांतपणे म्हणाले, "सौदा तुम्ही मोडला. तुमच्याकडेच पद्धत आहे ना, मोडणाऱ्याचा बयाणा बुडतो. मामांना विचारा."

मी साळ्याकडे पाहिलं. तो मान हलवत होता.

"बरोबर बोलला तो," साळा म्हणाला.

मी फोन बंद केला. त्या माणसाची किळस मला आधीपासून होती. पण आमचीच पद्धत, जी या भागात कागदाशिवाय माणसांना बांधून ठेवते, ती त्याने खिशातल्या पाकिटासारखी काढून घेतली, आणि साळा त्याला साक्ष देत होता.

"भाऊ, बयाणा कशाचा असतो?" मी विचारलं. "मालक तुझ्यासाठी फळ अडकवून ठेवतो, दुसऱ्याला देत नाही, म्हणून तू मोडला तर त्याचं नुकसान. त्याचा तो बयाणा. याने काय अडकवलं? कोणती जागा? कोणत्या नंबरची?"

"धरली होती ना."

"तू झाड पाहिलं का?"

साळ्याने टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला.

"तूच सांगितलं, रामाकोन्याच्या एका घरूनही त्याने बयाणा नेला. तीच जागा असेल. तीच जागा त्याने किती जणांना विकली असेल. बगीच्यात कोणी असं केलं तर तुम्ही लोक काय करता?"

"बगीच्यात कोणी असं नाई करत," साळा म्हणाला.

वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "मंग मागाले काय लाज आहे? जा, मागा."

"मी नाई मागत." साळ्याचा आवाज चढला नाही. "एकावन्न हजारासाठी मी परत मागाले गेलो, हे उद्या पांढुर्ण्याच्या मंडीत आलं, तं कोणता मालक मले बगीचा देईन? म्हणतीन, याचा बयाणा परत जाते. माझं दुकान तोंडावर आहे जवाईबापू. तुमचं कागदावर आहे."

त्याचं म्हणणं मला कळलं आणि तरी पटलं नाही. तो खरं वागत होता आणि त्याचा सगळा फायदा एका खोट्या माणसाला होत होता. कॉलेजला लिहून पाहिलं. उत्तर आलं की असा कोणी माणूस त्यांनी नेमलेला नाही. दारातल्या मुलींनी मात्र जूनमध्ये आमच्याकडून सरांचं नाव विचारून लिहून घेतलं होतं.

मुलगी पोळ्याच्या आधी भोपाळला गेली. पहिल्या महिन्यात तिने मलाच फोन केले. मेस खराब आहे. एका विषयाला अजून शिक्षक नाही. तिने एका मोटरला भार लावून पाहिला आणि जळका वास यायच्या आधी तिला ती बंद करता आली.

भोपाळच्या कॉलेजला पहिल्या सत्राची फी, होस्टेल आणि मेस मिळून एक लाख सात हजार चारशे रुपये भरले, पावतीसह. साळ्याला मी एकावन्न हजार नेऊन दिले, कारण मुलगी माझी आहे. त्याने आधी घेतले नाहीत, मग पन्नास हजार घेतले आणि वरचे एक हजार भाचीच्या नावाने वेगळे काढून आपल्या बायकोजवळ दिले. सरांना एकावन्न हजार मिळाले. त्यांनी ते परत केले नाहीत आणि कोणी ते त्यांच्याकडे मागायलाही गेलं नाही.